कान्हा : एका अरण्याची अनेक रूपे

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की, नोकरीनिमित्त जबलपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे पाहुण्यांची ये-जा सुरू होते. भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवाँधार प्रपात, गोंड राजांचा मदनमहाल ही स्थळे एका दिवसात पाहून होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता पाहुणे हमखास विचारतात, ‘‘कान्हाला जायचे ना? वाघ दिसेल ना?’’

हा प्रश्न मीही एकेकाळी विचारला होता. बदलीवर येथे रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात वडिलांना घेऊन मी कान्हा राष्ट्रीय उद्यानात गेलो. दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या. मऊ धुळीत उमटलेले वाघाचे ठसे दिसले, सांबराने दिलेला इशारा ऐकू आला, एका वळणावर तर ‘‘आत्ताच रस्ता ओलांडून गेला’’ असेही वाटाड्याने सांगितले. प्रत्यक्ष दर्शन मात्र घडले नाही. परतीच्या वाटेवर माझा हिरमोड झालेला पाहून वडील म्हणाले, ‘‘अरे, सकाळपासून आपण चार निरनिराळ्या मुलखांतून फिरलो. ते गर्द रान, ते बांबूचे डोंगर, माथ्यावरचे माळ आणि ते अफाट गवत. हे सारे एकाच जंगलात कसे, एवढे मला कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.’’

वडिलांच्या त्या प्रश्नाने माझी पुढची कान्हावारी बदलून टाकली. त्यानंतर अनेकदा जाणे झाले. वाघही दिसला. परंतु मनात घर करून राहिली ती तेथील भूमी. तिचीच ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नर्मदेच्या काठाकाठाने

जबलपूरहून मंडलामार्गे कान्हाच्या खटिया प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. वाटेत लागणारे मंडला हे गढा-मंडला या गोंड राज्याच्या राजधानीचे नगर. नर्मदेने त्याला तीन बाजूंनी वेढा घातला आहे. येथेच दक्षिणेकडून आलेली बंजर नदी नर्मदेला मिळते. ही बंजर कान्हाच्या रानांतून आलेली असते. म्हणजे उद्यानाची कमान दिसण्याच्या कितीतरी आधी उद्यानाच्या पाण्याची भेट झालेली असते.

कान्हा हे सातपुड्याच्या पूर्वेकडील मैकल रांगेत, मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ९४० चौरस किलोमीटर असून भोवतालचे राखीव क्षेत्र मिळवले तर एकूण विस्तार दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक होतो. १९३३ मध्ये या परिसराच्या काही भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मात्र त्याने शिकार पूर्णपणे थांबली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका राजकुमाराने विशेष परवान्यावर येथे ३० वाघ मारले, तेव्हा मोठा गहजब झाला आणि कायमस्वरूपी संरक्षणाची निकड जाणवली. अखेर १ जून १९५५ रोजी कान्हा राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. मराठी वाचकांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भही त्याच राज्यात होता. कान्हाला संरक्षण देणारा कायदा नागपुरात झाला. पुढे १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत कान्हाचा समावेश होता आणि आपल्या मेळघाटाचाही.

सालवनाची शीतल छाया

प्रवेशद्वार ओलांडताच भेटतो तो सालवृक्ष. आपल्याकडील रानांत साग हा राजा. येथे सागाचे राज्य सरते आणि सालाचे सुरू होते. मध्य भारतातील या दोन महावृक्षांच्या सीमा या भागात एकमेकींना भिडतात. सरळसोट, उंच खोडे, वर एकमेकांत मिसळलेली पालवी आणि खाली झिरपणारा हिरवट प्रकाश. भर दुपारीही येथे हवेत गारवा असतो.

सागाप्रमाणे साल कधी पूर्णपणे निष्पर्ण होत नाही. वसंतात जुनी पाने गळतात न गळतात तोच तांबूस-पोपटी नवी पालवी फुटते आणि पाठोपाठ पिवळसर पांढऱ्या फुलोऱ्याने सारे रान गंधित होते. त्याचे बी मोठे विलक्षण आहे. पंख असलेली ही फळे जूनमध्ये, पावसाच्या तोंडाशी, भिरभिरत खाली येतात. या बीजाची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. त्या मुदतीत पाऊस आला तर अंकुर, नाही तर माती. पावसाच्या वेळापत्रकावर आपली सारी भिस्त ठेवणारे असे झाड क्वचितच असेल.

आपल्या देवघरातल्या धुपात पडणारी राळ ही याच झाडाचा डिंक. रेल्वेच्या रुळांखालची लाकडे एकेकाळी याच झाडाने पुरवली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र या वृक्षावर मोठे संकट कोसळले. सालाचे खोड पोखरणाऱ्या भुंग्याची साथ मंडला आणि बालाघाटच्या पट्ट्यात पसरली आणि लक्षावधी झाडे बाधित झाली. त्यावर वनखात्याने योजलेला उपाय साधा होता. ताज्या तोडलेल्या सालाच्या ओंडक्यांची साल ठेचून ते रानात ठेवायचे. रसाच्या वासाने भुंगे तेथे गोळा होतात, ते वेचून नष्ट करायचे. जबलपुरात वनसंशोधनाच्या दोन संस्था आहेत, राज्याची एक आणि केंद्राची एक. येथील नागरिकांना त्यांच्या इमारती परिचित असतात. परंतु अशा साथींच्या वेळी त्या ज्ञानाचे मोल कळते.

उतारावरची मिश्र वने

रस्ता चढणीला लागला की साल मागे पडतो. उतारावरची माती पातळ, खडकाळ. पाणी तेथे फार काळ थांबत नाही. ओलाव्याची सवय असलेल्या सालाला ते मानवत नाही. त्याची जागा ऐन, धावडा, तेंदू, बीजा, हिरडा, बेहडा आणि मोह घेतात. खाली बांबूची दाट बेटे. ऐनाला येथे ‘साज’ म्हणतात. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. गोंड समाजाचा बडादेव याच झाडात वास करतो, अशी श्रद्धा आहे. मध्येच एखादा कांडोळ आपले पांढरेफटक खोड घेऊन उभा असतो. चांदण्या रात्री त्याला पाहून वाटसरू दचकले, तर त्यांचा दोष नाही.

हिवाळ्याच्या अखेरीस ही रानझाडे पाने टाकतात. मार्चमध्ये पळस आणि सावर फुलतात आणि एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात. ती वेचायला हरणे येतात, अस्वले येतात आणि उद्यानाबाहेरच्या रानात माणसेही येतात. गवा हा या उतारांचा धनी. उन्हाळ्यात तो पाण्याजवळ उतरतो आणि पाऊस पडला की पुन्हा डोंगर चढतो. शेजारच्या बांधवगडमधून गवे नाहीसे झाले होते. २०११ आणि २०१२ मध्ये कान्हातूनच ते तेथे नेण्यात आले आणि आज तेथे त्यांचा कळप नांदतो आहे.

दादर : माथ्यावरचे माळ

मिश्र वनांतून वर चढत गेलो की एकाएकी झाडे संपतात आणि समोर येतो सपाट, मोकळा माळ. याला स्थानिक भाषेत ‘दादर’ म्हणतात. बम्हनीदादर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. उद्यानाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० ते ९०० मीटरच्या दरम्यान आहे. दादर हे त्याचे छत आहे.

येथे उभे राहिल्यावर सह्याद्रीच्या पठारांची आठवण यावी यात नवल नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने दख्खन घडवले, त्याचेच थर येथवर पोहोचले होते. त्या काळ्या पाषाणावर तांबड्या जांभ्याचे टोपण चढलेले आहे. आपल्या कोकणातला आणि साताऱ्याच्या पठारांवरचा जांभा तो हाच. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात माती भाजून निघते, वारा अखंड वाहतो. अशा ठिकाणी मोठी झाडे तगत नाहीत, गवत तगते. चौसिंगा हा लाजाळू प्राणी दिसण्याची शक्यता याच बाजूला अधिक. सूर्यास्ताच्या वेळी बम्हनीदादरच्या कडेला उभे राहिले म्हणजे खाली सालवनांची निळसर लाट आणि तिच्यात ठिकठिकाणी फिकट पिवळे तुकडे दिसतात. ते तुकडे म्हणजे कान्हाची सुप्रसिद्ध मैदाने.

कान्हर माती आणि मैदाने

दरीच्या तळाशी असलेल्या काळ्या, चिकण मातीला येथील शेतकरी ‘कान्हर’ म्हणतात. ‘कान्हा’ हे नाव त्यावरूनच आले असावे, असे सांगितले जाते. कुणी ते कण्व मुनींशीही जोडतात. या परिसराला रामायणाचीही सावली आहे. येथील श्रवणताल या तळ्यावर श्रावणबाळ आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी भरायला आला आणि दशरथाच्या बाणाने घायाळ झाला, अशी आख्यायिका आहे. श्रवणचिता आणि दशरथ मचाण या नावांची ठिकाणेही जवळच आहेत. शिकाऱ्याचा बाण चुकीच्या जागी लागल्याची ही कथा नेमकी अभयारण्यातच सांगितली जावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

मैदाने पाहून नवख्या माणसाला वाटते की, ही निसर्गाने मोकळी सोडलेली जागा. ते अर्धेच खरे आहे. हिवाळ्याच्या रात्री डोंगरावरची थंड, जड हवा घरंगळत खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते. डिसेंबर-जानेवारीत येथे पारा शून्याच्या आसपास जातो आणि पहाटे गवतावर हिमकण पांढरे दिसतात. सालाची कोवळी रोपे त्या गारठ्याने करपतात. जंगल मैदानात शिरू पाहते, थंडी त्याला मागे ढकलते. हे झाले निसर्गाचे काम. उरलेले काम माणसांनी केले. पिढ्यान्‌पिढ्या गोंड आणि बैगा कुटुंबांनी याच तळभागात वस्ती केली, झाडे तोडून शेते केली, गुरे चारली. त्यांच्या नांगराने आणि गुरांनी जी जमीन मोकळी ठेवली, तिच्यावरच आज गवत डोलते आहे. कान्हा, सौंफ, बिशनपुरा, रोंदा ही मैदानांची नावे आहेत. त्यांतली कित्येक मुळात गावांची नावे आहेत.

सहासष्ट बारासिंगे

या गवताशी ज्याचे प्राण बांधलेले आहेत, तो प्राणी म्हणजे बारासिंगा. भारतात त्याच्या तीन उपजाती आहेत. तराईतला आणि आसामातला बारासिंगा दलदलीत राहतो; त्याचे खूर चिखलासाठी फाकलेले असतात. मध्य भारतातला बारासिंगा मात्र कठीण जमिनीवर वावरणारा, घट्ट खुरांचा. नैसर्गिकरीत्या तो जगाच्या पाठीवर फक्त कान्हातच उरला होता. त्याचे खाणे जवळजवळ केवळ गवत. त्याच्या पाडसांना लपायला उंच गवतच लागते. मीलनाच्या काळात, डिसेंबर-जानेवारीत, नर आपल्या शिंगांवर गवताचे भारे अडकवून मिरवतात. ज्याच्या डोक्यावर गवत अधिक, त्याचा तोरा अधिक.

१९३८ च्या सुमारास या भागात सुमारे तीन हजार बारासिंगे होते. शिकार, शेतीचा विस्तार, गुरांची चराई आणि दरवर्षी लावल्या जाणाऱ्या आगी यांनी गवत आखूड होत गेले आणि त्याबरोबर कळपही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलर यांनी साठच्या दशकात येथे राहून वाघ आणि हरणांचा अभ्यास केला. स्विस अभ्यासक क्लॉड मार्टिन यांनी १९७१ पासून बारासिंग्यावर लक्ष केंद्रित केले. तोपर्यंत परिस्थिती हाताबाहेर चालली होती. १९७० च्या गणनेत फक्त ६६ बारासिंगे मोजले गेले.

सहासष्ट! एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या पटावर याहून अधिक मुले असतात. एक साथ, एक दुष्काळ, एक बेजबाबदार वर्ष, एवढ्यावर एका प्राण्याचा इतिहास संपला असता. तो संपला नाही, याचे कारण काही माणसांनी वेळीच घेतलेले निर्णय. त्या काळी मंडल्याचे जिल्हाधिकारी असलेले एम. के. रणजितसिंह यांनी पुढाकार घेतला आणि १९६९ मध्ये सौंफ गावाचे स्थलांतर झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा मोठा वाटा होता. आसामातल्या बारासिंग्याच्या उपजातीला त्यांचेच नाव मिळाले आहे. कान्हात गवताला लागणाऱ्या आगी आवरण्यात आल्या. कुंपण घालून वाघ-बिबट्यांपासून सुरक्षित असे आवार तयार केले गेले आणि तेथे काही जोड्या वाढवल्या गेल्या. उद्यानाचे संचालक एच. एस. पंवार यांच्या कारकिर्दीत हे काम नेटाने चालले. आज कान्हातील बारासिंग्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. एकाच ठिकाणी सारे ठेवण्यातला धोका ओळखून २०१५ मध्ये काही बारासिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, तर २०२३ मध्ये बांधवगडमध्ये नेण्यात आले. जोखीम विभागून ठेवावी, हे तत्त्व आम्हा बँकवाल्यांना कुणी नव्याने शिकवायला नको. मध्य प्रदेशाचा हा राज्यप्राणी २०१७ पासून ‘भूरसिंह’ या नावाने कान्हाचे बोधचिन्हही झाला आहे.

यादीत नसलेले गाव

येथवरची हकीकत कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. पुढची मात्र मला एका शाखेत सापडली.

कामानिमित्त मंडला जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत गेलो होतो. निवृत्तिवेतनाचा दिवस होता. एक वृद्ध गोंड गृहस्थ खात्याची माहिती अद्ययावत करण्यासाठी खिडकीपाशी बसले होते. वय सत्तरीच्या पुढचे. अर्ज भरून देणाऱ्या तरुण सहकाऱ्याने जन्मगाव विचारले. ते म्हणाले, ‘‘सौंफ.’’ सहकाऱ्याने संगणकावरच्या गावांच्या यादीत शोधले. नाव सापडेना. त्याने पुन्हा विचारले, ‘‘बाबा, हे गाव आहे कुठे?’’

‘‘गाव नाही,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘आता तिथे बारासिंगा राहतो.’’

काम संपल्यावर मी त्यांना चहा घेऊ घातला. गाव उठले तेव्हा ते मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते. बैलगाड्यांतून सामान निघाले. नवीन जागी जमीन मिळाली, पुढे रस्ता आला, शाळा आली, नातवंडे शिकली. हे सारे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. ‘‘फक्त खेरमाई तिथेच राहिली,’’ ते म्हणाले. खेरमाई म्हणजे ग्रामदेवता. मग जरा थांबून त्यांनी मला विचारले, ‘‘साहेब, तुम्ही आत जाता. आंबे अजून आहेत का हो तिथे?’’

मी निरुत्तर झालो. त्या मैदानातून मी तोवर कितीतरी वेळा गेलो होतो. बारासिंगे मोजले होते, गवताची छायाचित्रे घेतली होती. आंब्याचे झाड असल्याचे मला स्मरत नव्हते.

पुढच्या खेपेस मी वाटाड्याला मुद्दाम विचारले. त्याने गाडी मैदानाच्या कडेला थांबवली आणि बोट दाखवले. सालाच्या रांगेपासून थोडी अलग, घेरदार, काळपट हिरवी अशी जुनी झाडे उभी होती. रानात आंबा असा ओळीत उगवत नाही, तो कुणीतरी लावलेला असतो. झाडांखाली चितळे बसली होती. दूर गवतात बारासिंग्यांचा कळप चरत होता. मी छायाचित्र घेतले.

काही महिन्यांनी त्याच शाखेत पुन्हा जाणे झाले, तेव्हा ते छायाचित्र मी त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळले. ‘‘हा मुकद्दमाच्या बाडीतला,’’ एका झाडावर बोट ठेवून ते म्हणाले. ‘‘आमचा याच्या पलीकडे होता. पडला असेल.’’ आणि छायाचित्र त्यांनी पासबुकात नीट घडी न पडेल असे ठेवले.

कान्हाच्या गाभा क्षेत्रातून आजवर वीसहून अधिक गावे हलवली गेली. आज त्यासाठी नियम आहेत. २००६ च्या वनाधिकार कायद्याने लोकांची संमती आवश्यक ठरवली आहे. व्याघ्र प्रकल्पांतून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मिळणारी रक्कम २००८ मध्ये दहा लाख रुपये होती, ती २०२१ मध्ये पंधरा लाख झाली. ही रक्कम ज्या कुटुंबाच्या हाती येते, त्याने बहुधा एवढे पैसे एकत्र कधी पाहिलेले नसतात. अशा वेळी शाखेतल्या कर्मचाऱ्याने दिलेला दहा मिनिटांचा वेळ, मुदत ठेवीचा नीट समजावून दिलेला अर्थ आणि भूलथापा देणाऱ्यांपासून सावध करणारे दोन शब्द यांचे मोल फार मोठे असते. निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या आजोबांकडून मी शिकलेला हा धडा आहे.

पाण्याचे नाते

सालवन, मिश्र वन, दादर आणि मैदान या चारींना एकत्र बांधणारा धागा म्हणजे पाणी. दादरावर पडलेला पाऊस भेगांतून झिरपतो, उतारावरच्या मुळांशी थांबतो, सालवनातल्या नाल्यांतून उन्हाळ्यातही बारीक धारेने वाहत राहतो आणि मैदानांच्या ओलसर कडांना जिवंत ठेवतो. सुलकुम नदी पुढे बंजरला मिळते. पूर्वेकडची हालोन बुढनेरला आणि बुढनेर नर्मदेला. मंडल्याच्या खाली हे सारे पाणी बरगी धरणाच्या, म्हणजे राणी अवंतीबाई सागराच्या जलाशयात येते. त्याच्या खाली वसलेले जबलपूर शहर नर्मदेवरच जगते. कान्हाच्या एखाद्या दादरावर पडलेला थेंब उद्या आपल्या घरातल्या नळाला येऊ शकतो, हे ध्यानी आले की ‘जंगल वाचवा’ ही घोषणा राहत नाही. ती घरखर्चाच्या वहीतली नोंद होते.

जतन हे रोजचे काम

कान्हा आता कुणी उद्ध्वस्त करत नसले, तरी ते आपोआप टिकत नाही. मैदानात शिरणारी झुडपे आणि रोपटी दरवर्षी उपटावी लागतात. घाणेरीसारखे परके तण वाढले की गवत गुदमरते, म्हणून ते मुळासकट काढावे लागते. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा आखाव्या लागतात. पावसाळ्यात पर्यटकांना उद्यान बंद असते, तेव्हाही वनरक्षक चिखल तुडवत पायी गस्त घालत असतात. हे सारे मजूर, गाइड आणि चौकीदार बहुतांशी भोवतालच्या गावांतलेच आहेत. त्यांतल्या काहींचे आजे याच मैदानांत नांगर धरत होते.

दुसरी काळजी उद्यानाबाहेरची. कान्हा आणि पेंच यांच्यामध्ये शेते, गावे आणि जंगलाचे तुकडे यांची सलग पट्टी आहे. त्या वाटेने वाघ ये-जा करतात आणि त्यामुळे त्यांचे रक्त ताजे राहते. पेंचचा काही भाग आपल्या महाराष्ट्रात आहे. म्हणजे कान्हाचा एखादा वाघ नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत दिसला, तर तो परका नव्हे. नागपूर-सिवनी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी बांधलेले भुयारी मार्ग त्याच ये-जा करण्याच्या हक्काची दखल आहेत.

कसे जाल, केव्हा जाल?

कान्हाला जबलपूरहून खटिया, तर गोंदिया-बालाघाटकडून मुक्की हे प्रवेशद्वार सोयीचे. एकेकाळी गोंदियाहून जबलपूरला सातपुड्यातून डुलत जाणारी अरुंद मापाची रेल्वे होती. २०१५ मध्ये तिचा जबलपूरकडचा भाग बंद झाला आणि आता त्या मार्गावर रुंद मापाच्या गाड्या धावतात. उद्यान १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असते. वाघ पाहायचा असेल तर एप्रिल-मे, फुलोरा पाहायचा असेल तर मार्च, बारासिंग्यांचे गवताचे मुकुट पाहायचे असतील तर डिसेंबरअखेर जावे. हिवाळ्यात सकाळच्या फेरीला ब्लँकेट, कानटोपी आणि हातमोजे अवश्य घ्यावेत. प्रवेशाची परवानगी आगाऊ काढावी. ऐन वेळी मिळेलच असे नाही.

आणि गेल्यावर वाटाड्याला केवळ ‘वाघ कुठे?’ एवढेच विचारू नये. सालाचे बी दाखवायला सांगावे, दादरावरचा जांभा हातात घेऊन पाहावा, पहाटेच्या गवतावरचे हिम पाहावे. सौंफच्या मैदानावर गाडी क्षणभर थांबवून कडेच्या झाडांकडे नजर टाकावी.

त्या आजोबांच्या अर्जाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. यादीत नाव नसल्याने संगणकात जन्मगाव भरता आले नाही. सहकाऱ्याने कागदी अर्जाच्या ‘शेरा’ या रकान्यात आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘जन्मगाव सौंफ, जि. मंडला. गाव १९६९ मध्ये स्थलांतरित.’ खाली मी सही केली.